ढिगाऱ्याला काडी लावण्याआधीचे सोळा दिवस

वादळात मागच्या परसातलं जुनं झाड आडवं झालं. फांद्या, पाचोळा, मोडकं कुंपण असं सगळं मिळून छातीएवढा ढीग साठला. जागा माझी, झाड माझं, काडेपेटी खिशात. संध्याकाळी वारा पडला की पेटवायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच बेत होता. त्या बेतातली एकही गोष्ट बरोबर नव्हती. हे कळायला सोळा दिवस गेले.

शेजारच्या आजींना दमा आहे. त्यांच्या सुनेनं कुंपणापलीकडून सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, परवानगी काढलीत ना?" मी "हो, चाललंय" म्हणालो आणि घरात येऊन फोन लावला.

कचरा विभागातून उत्तर आलं, "उघड्यावर जाळायला बंदी आहे." अग्निशमन केंद्रातून आलं, "जाळता येईल, पण काय जाळताय?" दोघांनी एकमेकांशी बोलून घ्यावं असं मनात आलं, पण दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. कचरा जाळणं वेगळं, झाडाच्या फांद्या जाळणं वेगळं आणि खड्ड्यात छोटी शेकोटी करणं आणखी वेगळं. तिन्हींना तीन वेगळे नियम लागतात आणि ते दर गावाला बदलतात. प्लास्टिकमिश्रित कचऱ्याच्या बाबतीत मात्र फारशी सूट कुठे मिळत नाही. त्याच्या धुरात डायऑक्सिन नावाची विषारी रसायनं असतात आणि अशा घातक रसायनांना आळा घालण्यासाठी झालेल्या २००१च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातही उघड्यावर कचरा जाळणं हा त्यांचा एक स्रोत म्हणून नोंदवलेला आहे.

अर्ज एका पानाचा होता, पण त्यात नकाशा काढायचा होता. ढिगापासून घर किती दूर, कुंपण किती, विजेच्या तारा किती. मी सगळीकडे "अंदाजे" लिहिलं. अर्ज परत आला, प्रत्येक "अंदाजे"भोवती लाल गोल. त्या लाल गोलांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

सहाव्या दिवशी पाहणीला अग्निशमन केंद्रातून एक गृहस्थ आले. हातात टेप, पायात जाड बूट. अंतरं मोजून झाली तरी ते हलेनात. त्यांनी ढिगातून दोन फांद्या ओढल्या आणि एकमेकींवर आपटल्या. थप्प असा आवाज आला. "ओली आहेत," ते म्हणाले. मग माझ्या सरपणाच्या ओळीतल्या दोन ढलप्या घेऊन आपटल्या. टण्ण! चांगलं जळायचं तर लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलं लाकूड आपली उष्णता आधी पाणी उडवण्यात घालवतं, म्हणून ते जळण्यापेक्षा धूर जास्त करतं.

पुढचा अर्धा तास माझा ढीग माझ्याच डोळ्यांसमोर उतरत गेला. रंगवलेली खिडकीची चौकट बाहेर, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. प्लायवूड बाहेर, कारण त्यात डिंक. कुंपणाचे हिरवट झाक असलेले खांब बाहेर. वाळवी लागू नये म्हणून अशा लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असू शकतं, आणि जाळलं की आर्सेनिक धुरात जातं, राखेतही उरतं. कण्हेरीच्या फांद्याही बाहेर, तिचा धूरसुद्धा विषारी. मोळ्यांना बांधलेली नायलॉनची सुतळी त्यांनी स्वतः कापून माझ्या हातात ठेवली. पाचोळ्याकडे बघून म्हणाले, "हा कशाला जाळताय? कुजवा की."

छातीएवढा ढीग गुडघ्याएवढा झाला. त्याखालची जमीन गवत नि पाला खरवडून नुसती माती दिसेपर्यंत साफ करा, असंही बजावून गेले.

परवान्यावर वेळ होती सकाळी दहा ते दुपारी तीन. माझा संध्याकाळचा बेत इथेच बाद झाला. दिवस मावळला की जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर वर जायचा सोडून घराघरांत शिरतो. वारा अगदी पडलेला असणंही चांगलं नाही, हे मला नवीन होतं. पानं नुसती सळसळतील इतपत झुळूक हवी. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की थांबायचं. शिवाय ज्या दिवशी पेटवायचं त्या सकाळी पुन्हा फोन करून विचारायचं. मी चार सकाळी विचारलं आणि चारही वेळा नकार ऐकला. पाचव्या सकाळी हो म्हणाले. तो सोळावा दिवस.

शेजारी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. आजी दिवसभर लेकीकडे गेल्या. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात थेट खोल उतरतात, हे मी त्या सोळा दिवसांतच वाचलं होतं. म्हणून त्या गेल्याचं बरंच वाटलं.

पेटवण्याआधी ढीग शेजारच्या साफ जागेवर हलवायचा, असा एक नियम होता. मला तो निव्वळ छळ वाटला होता. तळाची फांदी उचलली तर एक थोराड बेडूक माझ्याकडे बघत बसलेला. त्याला घमेल्यात घालून टाकीजवळ सोडला.

जाळणं तासाभरात उरकलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाण्याची नळी हातात, फावडं शेजारी आणि जागेवरून हलायचं नाही.

विझवायला मात्र त्याहून जास्त वेळ गेला. पाणी ओतलं की वर राखेची काळी साय धरते आणि सगळं विझलंय असं वाटतं. फावड्यानं उलटलं की खाली लालबुंद निखारे. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळायचं. शेवटी हाताची पाठ राखेजवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघायचं. मी बघितलं आणि आत जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाच्या जागेपासून दोन हातांवर जमिनीतून धुराची बारीक रेघ निघत होती. पडलेल्या झाडाचं एक मूळ तिकडून गेलं होतं. तेवढी कड खरवडायचा मी कंटाळा केला होता. मूळ आतल्या आत रात्रभर धुमसत राहिलं होतं. खणलं तेव्हा मनगटाएवढं मूळ निखाऱ्यासारखं लाल निघालं, आणि त्याचं तोंड कुंपणाकडे. तीन बादल्या ओतल्या. केंद्राला फोन केला तर ते गृहस्थ रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्याही बघा." दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशीही बघितलं.

पाचोळा आता कोपऱ्यात कुजतोय. आत हात घातला तर चांगलाच ऊन लागतो, आणि त्या उबेला कुणाची परवानगी लागत नाही. खिडकीची चौकट आणि हिरवट खांब अजून भिंतीला टेकून उभे आहेत. ते कुठे द्यायचे, त्याचा अर्ज वेगळा आहे.