नववा होल, कालचा कागद

गोल्फमध्ये फेरी चालू असताना खेळाडूने सल्ला मागायचा तो फक्त आपल्या कॅडीकडे, म्हणजे बॅग सांभाळणाऱ्या सोबत्याकडे. सोबत खेळणारीला ‘कुठला क्लब (काठी) मारलास?’ एवढं विचारलं तरी दोन फटक्यांचा दंड. कोच दोरीपलीकडे उभा असतो, पण मुका. म्हणजे मी जिची बॅग उचलतो त्या महिला टूरवरच्या खेळाडूला चार-साडेचार तास विचारायला एकच माणूस. त्या शुक्रवारी तो माणूस मी होतो.

गुरुवारी विजांमुळे खेळ थांबला. शुक्रवारी पहाटे पहिल्या फेरीचे उरलेले पाच होल खेळलो. सगळ्यांची फेरी संपल्यावर ग्रीनवरचे, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचे, होल बुजवून दुसरीकडे पाडले गेले आणि दुसऱ्या फेरीचा नवा पिन शीट हातात आला. एरवी दिवसाला एकच कागद असतो. त्या दिवशी खिशात दोन होते, एकाच रंगाचे, घामाने ओलसर.

पिन शीट म्हणजे काय, तर ग्रीनच्या पुढच्या कडेपासून झेंडा किती यार्ड आत आणि बाजूच्या कडेपासून किती, एवढंच. पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मी यार्डेज बुकवरून (मैदानातल्या अंतरांची वही) आणि पावलांनी काढतो, त्यात हा आकडा मिळवतो, मग चढ-उतार, वारा, ओलं गवत. लोक विचारतात, पुरुषांच्या टूरवर कधी जाणार? जणू बढतीच ती. त्यांना सांगून कळत नाही. हिचं सात आयर्न (सात नंबरचा क्लब) १४२ यार्ड म्हणजे १४२. दहा चेंडू मारले तर नऊ एका चादरीवर गोळा करता येतील. अशा खेळाडूला आकडा देणं हे सोनाराच्या काट्याचं काम आहे. फक्त आकडा चुकला, तर चेंडू चुकीच्या जागी अगदी अचूक जातो.

दहाव्यापासून सुरुवात केल्यामुळे आमचा शेवटचा होल नववा. त्यावर पार केला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल संपवला, की कट मिळणार, म्हणजे उरलेल्या फेऱ्यांत जागा मिळणार, हे दोघांनाही माहीत होतं. कट हुकला तर बक्षिसाचा एक पैसा नाही, आणि पुढच्या वर्षी टूरवर खेळण्याचं कार्ड टिकवायला लागणारे गुणही नाहीत. फेअरवेच्या मधोमध चेंडू. ग्रीन चढावर, झेंड्याचा फक्त वरचा अर्धा भाग दिसत होता. पुढची कड १२७. कागद काढला: २४. चढाचे ३. एकूण १५४.

“चोपन्न. सहा आयर्न.”

ती थांबली. “चोपन्न? पक्कं?”

“पक्कं.”

इतका सुंदर फटका तिने आठवडाभरात मारला नव्हता. झेंड्याच्या रेषेत गेला, झेंड्यावरून गेला आणि मागच्या रफमध्ये, उंच गवतात, शिरला. वर पोचल्यावर दिसलं, होल पुढच्या कडेपासून ९ यार्डांवर होता. २४ हा कालचा आकडा. तिथून उतारावर चिप, सहा फुटांचा पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका), तो कडेला लागून बाहेर. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. एका फटक्याने कट हुकला.

समालोचक म्हणाला, दडपणाखाली जोर जास्त लागला. बायकांच्या खेळात काहीही चुकलं की यांना आधी दडपणच दिसतं!

स्कोअरकार्डावर सही करून ती बाहेर आली तेव्हा मी दोन्ही कागद तिच्यापुढे धरले. तिने बघितले. “मला वाटलं होतं,” ती म्हणाली. “पुढच्या ग्रुपमधली पट मारायला वाकली तेव्हा ती बरीच अलीकडे वाटली.”

“मग मारलं का?”

“पक्कं म्हणालात.”

कॅडी मंडळी अशा वेळी २००१ ची ब्रिटिश ओपन सांगतात. शेवटच्या दिवशी इयान वूसनमच्या बॅगेत १४ ऐवजी १५ क्लब निघाले, दोन फटके गेले, तरी त्याने कॅडीला त्यासाठी काढलं नाही. दोन आठवड्यांनी तो कॅडी झोपून राहिला, तेव्हा काढलं. हा किस्सा मला धीर द्यायला सांगतात, पण पंधरा क्लब मोजून तरी सापडतात. तिला शंका होती, तिने विचारलं, आणि मी खिशात हात न घालता उत्तर दिलं. चाळीस सेकंदांत फटका मारावा असं नियमच सुचवतात. कागद उलगडायला मला तीनसुद्धा लागली नसती.

तिने मला काढलं नाही. सोमवारी पुढच्या स्पर्धेच्या सरावाची वेळ कळवली, नेहमीसारखी. आता फेरी संपली की मी कागद फाडतो. पण त्यानंतरच्या तीन स्पर्धांत तिने ‘पक्कं?’ असं एकदाही विचारलेलं नाही. तिचा पिन शीट पूर्वी बॅगेतच पडून असायचा. आता तो तिच्या मागच्या खिशात असतो.