हो, निक्सन डॅलसमध्ये होते

डॅलसला येऊन मला अठरा वर्षं झाली. घरी पाहुणे आले की एक दिवस डीली प्लाझासाठी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा १९६३ मध्ये खून झाला त्या चौकासाठी, राखून ठेवतो. केनेडींना गोळी लागली ती जागा दाखवणारी एल्म स्ट्रीटच्या डांबरावरची पांढरी फुली मी फुटपाथवरूनच दाखवतो. भर वाहतुकीत फोटोसाठी त्या फुलीकडे धावणारी माणसं बघून माझा जीव वरखाली होतो. मग मारेकऱ्याची ती सहाव्या मजल्याची खिडकी, मग कुंपणाजवळचा गवताळ उंचवटा. तिथे पोचेपर्यंत कुणीतरी तो प्रश्न विचारतंच. या वेळी सांगलीच्या मामांनी विचारला, "काय रे, तो निक्सनपण त्या दिवशी इथंच होता म्हणे? आणि नंतर त्यानं लपवलं?"

सुरुवातीच्या वर्षांत मी असल्या प्रश्नाला "अफवा आहेत हो" असं म्हणून पुढे चालायला लागायचो. एका पाहुण्यांनी रात्री फोनवर शोधलं, ते खरं निघालं, आणि त्यानंतर मी सांगितलेल्या एकाही गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. ते बरोबरच होते. तेव्हापासून मी आधी 'हो' म्हणतो.

हो, २२ नोव्हेंबर १९६३ च्या, म्हणजे खुनाच्या दिवशीच्या, सकाळी पुढे अध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन डॅलसमध्ये होते. १९६० मध्ये ते केनेडींकडून अध्यक्षपदाची निवडणूक हरले होते, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची. आता न्यूयॉर्कला वकिली करत होते, पेप्सी-कोला त्यांची अशील होती आणि शीतपेयांच्या बाटल्या भरणाऱ्या उद्योजकांचं अधिवेशन डॅलसला होतं. त्यासाठी ते आले. इथे येऊन पत्रकारांना भेटले आणि पुढच्या निवडणुकीत केनेडी आपल्या उपाध्यक्षाला, म्हणजे जॉन्सनना, वगळतील असं भाकीत केलं. ते २२ तारखेच्याच 'डॅलस मॉर्निंग न्यूज'मध्ये छापून आलं. ज्या दिवशी खून झाला त्या दिवशीच्या स्थानिक पेपरात ज्याचं नाव छापलेलं आहे, त्यानं आपलं येणं लपवलं असं कसं म्हणायचं, हे मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "ते ठीक आहे, पण गोळी सुटली तेव्हा कुठं होता?"

हा प्रश्न चांगला आहे. मी पार्किंगच्या पावतीमागे दोन घड्याळं काढली. निक्सन यांनी १९६४ मध्ये एका मासिकात लिहिलं की त्यांचं विमान न्यूयॉर्कला १२ वाजून ५६ मिनिटांनी उतरलं. न्यूयॉर्क डॅलसच्या एक तास पुढे. म्हणजे तेव्हा डॅलसला ११ वाजून ५६ मिनिटं झाली होती. ज्या लव्ह फील्ड विमानतळावरून निक्सन सकाळी निघाले, तिथेच केनेडींचं विमान ११.४० च्या सुमारास उतरलं आणि बाराला थोडा अवकाश असताना मोटारींचा ताफा गावाकडे निघाला. गोळ्या झाडल्या गेल्या साडेबाराला. न्यूयॉर्कला तेव्हा दीड वाजला होता, आणि निक्सन विमानतळावरून टॅक्सीनं घरी चालले होते. चार मिनिटांत वृत्तसंस्थेच्या तारेवर पहिली बातमी आली. रस्त्यातच त्यांना ती कळली, हे अगदी जुळतं.

संशय वाढला तो त्यांच्याच सांगण्यामुळे, आणि हे मी पाहुण्यांपासून लपवत नाही. १९६४ च्या त्या लेखात सिग्नलला टॅक्सी थांबलेली असताना एक माणूस धावत येऊन बातमी सांगतो. १९७३ च्या मुलाखतीत टॅक्सीवाला वळण चुकतो आणि घरातून एक बाई रडत-ओरडत बाहेर येते. नंतरच्या आठवणींत पुन्हा सिग्नलवरचा माणूस, पण तो केनेडी जखमी झाले एवढंच सांगतो, मृत्यूची बातमी घराच्या दारवानाकडून कळते. एकाच टॅक्सीच्या तीन कहाण्या.

मला यात खोटेपणा दिसत नाही, आणि त्याला माझं कारण आहे. राजीव गांधी गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. २२ मे १९९१ च्या सकाळी आजोळच्या ओसरीवर, आजोबांच्या रेडिओवर मी ती बातमी ऐकली. आजोबांच्या हातातली बशी तशीच राहिली, तेसुद्धा मला दिसतं. आई म्हणते, आपण आदल्या दिवशीच घरी परतलो होतो. माझ्या दहावीच्या वहीत मी हाच प्रसंग ओसरीसकट लिहिलेला आहे. तिकिटं कुणी जपली नाहीत, पण मामाही आईच्याच बाजूचे आहेत.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. फेब्रुवारी १९६४ मध्ये एफबीआयने निक्सन यांच्याकडे विचारणा केली. कारण वेगळंच होतं. केनेडींच्या खुनासाठी पकडलेल्या ली ओस्वाल्डची बायको मरीना हिनं सांगितलं होतं की १९६३ च्या एप्रिलमध्ये ली पिस्तूल घेऊन निघाला, निक्सन गावात येतोय म्हणाला, आणि तिनं त्याला न्हाणीघरात अडवून ठेवलं. खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगानं तपासलं तर एप्रिलमध्ये निक्सन डॅलसला आलेच नव्हते. आले होते जॉन्सन, २३ तारखेला. ही विचारणा झाली तेव्हा निक्सन म्हणाले, १९६३ मध्ये मी डॅलसला एकदाच गेलो, हत्येच्या दोन दिवस आधी. असं एफबीआयनं टिपून ठेवलंय. नोंद त्यांच्या शब्दांत नाही, आणि येण्याचा दिवस सांगताना जाण्याचा राहून गेला असंही होऊ शकतं. पण तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट होती, विचारणारी तपासयंत्रणा होती, आणि 'त्या दिवशी सकाळी निघालो' हे चार शब्द सांगायला हवे होते. ते नोंदीत असते तर साठ वर्षांचं गॉसिप उभंच राहिलं नसतं.

त्या नोंदीतल्या रिकाम्या जागेवर लोकांनी मग एक पार्टी उभी केली. आदल्या रात्री डॅलसच्या एका तेलसम्राटाच्या घरी निक्सन, जॉन्सन आणि एफबीआयचे प्रमुख हूव्हर जमले, आणि तिथे सगळं ठरलं, अशी ती कहाणी. २१ तारखेच्या संध्याकाळी जॉन्सन केनेडींसोबत ह्यूस्टनला हजारोंच्या समोर मेजवानीत बसले होते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळे फोर्ट वर्थच्या हॉटेलात पोचले. दुसऱ्या दिवशी रॉबर्ट केनेडींना भावावर गोळ्या झाडल्याची बातमी फोनवरून दिली ती हूव्हर यांनीच, वॉशिंग्टनहून.

पुढे अध्यक्ष झालेले थोरले बुश त्या दिवशी कुठं होते, हेही विचारतात. ते टायलरला होते, इथून पूर्वेला दीडशे-एक किलोमीटर. पावणेदोनला तिथून त्यांनी एफबीआयला फोन करून एका संशयिताचं नाव कळवलं, आणि त्या फोनची नोंद आहे.

मामांनी पावती घडी करून खिशात घातली. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "आणि त्या एप्रिलमध्ये तो खरंच आला असता तर?" यावर मात्र माझ्याकडे काही नव्हतं. घरी येईपर्यंत आम्ही दोघं मरीनाबद्दलच बोलत होतो. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, पुरेसं इंग्रजी येत नव्हतं, आणि न्हाणीघराचं दार धरून ती उभी होती.