ओहोटीच्या वाळूवरची धावपट्टी

डब्लिनहून मालाहाइडकडे जाणारी डार्ट ही उपनगरी गाडी पोर्टमार्नॉकला थांबते खरी, पण स्थानकापासून समुद्र चांगला दोन किलोमीटर दूर आहे, हे उतरल्यावरच माझ्या लक्षात आले. जून महिना असूनही वारा असा होता की, उघडलेली छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली आणि ती हातात काठीसारखी धरूनच मी किनारा गाठला.

कोकणात जिला आपण पुळण म्हणतो, तशी ही लांबच लांब वाळू ‘व्हेल्व्हेट स्ट्रँड’ या नावाने ओळखली जाते. दक्षिणेला आयर्लंड्स आय हे खडकाळ बेट आणि त्यामागे होथचा डोंगर दिसतो. ओहोटी पूर्ण लागलेली होती. म्यानासारख्या लांबट शिंपल्यांतून वाट काढत पाण्याच्या दिशेने चालताना बुटाचा ठसा जेमतेम उमटत होता, इतकी ती ओली वाळू घट्ट बसलेली होती.

या घट्टपणामुळेच 24 जून 1930 रोजी पहाटे ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांनी ‘सदर्न क्रॉस’ हे तीन इंजिनांचे विमान येथून उडवले. पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडायचा म्हणजे समोरच्या वाऱ्याशी झुंज, त्यासाठी जास्तीचे इंधन, आणि इतके जड विमान उचलण्यासाठी लांब, सपाट धावपट्टी हवी. ती या किनाऱ्याने आयती दिली. चौघांचे ते पथक साडेएकतीस तासांनी न्यूफाउंडलंडमधील हार्बर ग्रेसला उतरले. 1932 मध्ये जिम मॉलिसन येथूनच एकट्याने कॅनडाला गेले. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर या उड्डाणांच्या स्मरणार्थ एक शिल्प उभे आहे. मला मात्र शिल्पापेक्षा पायाखालची वाळूच अधिक बोलकी वाटली.

ओली वाळू वैमानिकांच्या उपयोगी पडली, तर तिच्या मागची सुकी, वाऱ्याने टेकड्या रचलेली वाळू गोल्फवाल्यांच्या. पाणी धरून न ठेवणारी ही जमीन शेतीला फारशी उपयोगाची नाही, पण ‘लिंक्स’, म्हणजे समुद्रकाठच्या वालुकामय गोल्फ मैदानासाठी उत्तम. दक्षिणेकडच्या चिंचोळ्या भूशिरावर 1894 मध्ये पोर्टमार्नॉक गोल्फ क्लब सुरू झाला, तेव्हा खेळाडू सटनहून होडीने खाडी ओलांडून येत. 1960 मध्ये येथे झालेला कॅनडा कप, म्हणजे देशादेशांतली गोल्फ स्पर्धा, अर्नोल्ड पामर आणि सॅम स्नीड यांनी अमेरिकेसाठी जिंकला. मला गोल्फमधले काहीही कळत नाही. तरी इतका नावाजलेला क्लब स्त्रियांना सभासदत्व द्यायला 2021 साली राजी झाला, हे वाचून भुवया उंचावल्याच. गावाजवळ दुसरेही एक लिंक्स मैदान आहे. ती जागा एकेकाळी व्हिस्कीवाल्या जेमसन कुटुंबाची होती.

टेकड्यांवरच्या ताठ गवतातून परत फिरेपर्यंत भरती सुरू झाली होती. तासाभरापूर्वी जिथे विमान सहज धावले असते, तिथे आता एक म्हातारे गृहस्थ आपल्या कुत्र्याला पाण्यातून बाहेर बोलावत होते, आणि तो काही यायला तयार नव्हता.