सोलच्या फोटो बूथमध्ये आई, भाची आणि मी : माझा अनुभव

कोरियात सोलला जायचं पक्कं झालं तेव्हा भाचीने जी यादी केली त्यात ग्योंगबोकगुंग राजवाडा, नामसान टॉवर वगैरे सगळं होतंच, पण सगळ्यात वर लिहिलं होतं "चार फोटोवालं बूथ, आजीसोबत". आजी म्हणजे माझी आई. आईचे फोटो म्हणजे लग्नकार्यातले, कुणीतरी "काकू, इकडे बघा" म्हणणार, मग ती पदर सारखा करणार, ताठ उभी राहणार आणि चेहरा एकदम गंभीर. घरातला कुठलाही अल्बम काढा, त्यात आई हसताना सापडत नाही, आणि प्रत्यक्षात ती इतकी हसरी बाई आहे की शेजारच्या बिल्डिंगमध्ये आवाज जातो. त्यामुळे भाचीने यादीत "आजीसोबत" असं मुद्दाम लिहिलं होतं हे मला तेव्हाच कळलं.

ज्यांना हे बूथ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. दुकान असतं, पण दुकानात माणूस नसतो. आत पडदे लावलेल्या तीन-चार खोल्या, एका भिंतीवर हेअरबँड, चष्मे, टोप्या, विग टांगलेले, मोठे आरसे, केस सेट करायला इस्त्री पण ठेवलेली असते. आपणच स्क्रीनवर सगळं निवडायचं, आपणच पैसे भरायचे, आपणच पोझ द्यायची, आणि दोन इंच रुंद, सहा इंच लांब अशी चार फोटोंची पट्टी हातात घेऊन बाहेर पडायचं. बरीच दुकानं चोवीस तास उघडी. याचं मूळ जपानमधलं, तिथे १९९५ मध्ये अ‍ॅटलस आणि सेगाने प्रिंट क्लब नावाचं स्टिकर फोटोचं मशिन आणलं, ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोरियात पण खूप चाललं, मग मोबाईल आले आणि मागे पडलं. आणि २०१७ मध्ये इनसेंग नेकट नावाचं बूथ सुरू झालं तेव्हापासून ही नवी लाट आली, आता फोटोइझम, फोटोग्रे, हारूफिल्म अशी किती तरी नावं गल्लोगल्ली दिसतात. मोबाईलमध्ये हजारो फोटो असलेली पोरं एका कागदी पट्टीसाठी रांगेत उभी राहतात हे बघूनच मला छान वाटलं.

आम्ही गेलो होंगदेला, म्हणजे सोलमधल्या होंगिक युनिव्हर्सिटीच्या भागात. मेट्रोची दोन नंबरची हिरवी लाईन, होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशन, नऊ नंबरचं एक्झिट. एक सांगते, तिथे चालत जायचा रस्ता शोधायला गुगल मॅपच्या भरवशावर राहू नका, नेव्हर मॅप हे कोरियन नकाशाचं अ‍ॅप टाकून घ्या, त्यात बूथचं नाव टाकलं की आजूबाजूची सगळी दिसतात. होंगदेत तर शोधायची पण गरज नाही, दर पन्नास पावलांवर एक आहे.

पहिल्या दुकानात आम्ही आधी नुसतं उभं राहून बघितलं आणि हे सगळ्यांनी करावं असं माझं मत आहे, कारण आत गेल्यावर घड्याळ चालू होतं आणि मग वाचायला वेळ मिळत नाही. पुढे कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी आधी आरशासमोर बराच वेळ घालवला, भांग नीट केले, हेअरबँड बदलून बदलून बघितले, मग एकदम ठरल्यासारख्या आत गेल्या. आई त्यांच्याकडे बघत होती आणि मग हळूच तिने पण एक अस्वलाचे कान असलेला हेअरबँड काढला, हातात फिरवला, परत ठेवला. भाचीने तो लगेच उचलून घेतला, काही बोलली नाही.

पैशांचं आधी सांगते कारण तिथेच सगळे अडतात. दोन प्रतींना साधारण ४,००० ते ५,००० वॉन, म्हणजे आपले अडीचशे-तीनशे रुपये, जास्त प्रती घेतल्या की तसे वाढतात. कार्ड चालतं पण प्रत्येक मशिन बाहेरच्या देशाचं कार्ड घेईलच असं नाही, म्हणून रोख ठेवाच. हजार, पाच हजार, दहा हजारच्या नोटा चालतात, पन्नास हजारची नोट बऱ्याच मशिन्स घेत नाहीत. बऱ्याच दुकानांत कोपऱ्यात सुट्टे करून देणारं मशिन असतं. नोट चुरगळलेली असेल तर मशिन बाहेर टाकतं, आईने एक नोट मांडीवर घेऊन हाताने सरळ करून दिली आणि मग ती बरोबर गेली. त्यावेळी आईला मी नोटांवरची माणसं दाखवली, पाच हजारच्या नोटेवर यी आय म्हणजे युलगोक नावाचा विद्वान आहे आणि पन्नास हजारच्या नोटेवर शिन साइमदांग, चित्रकार आणि कवयित्री, ती त्याचीच आई. मायलेक दोघं नोटांवर. आईला हे इतकं आवडलं की पुढे प्रत्येक दुकानात नोट काढताना "ही त्याची आई ना गं?" असं विचारायची आणि पन्नास हजारची एक नोट तिने शेवटपर्यंत मोडू दिली नाही.

स्क्रीनवर भाषा बदलायचं बटण बहुतेक वेळा कोपऱ्यात असतं, इंग्रजी, जपानी, चिनी मिळते. मग पट्टी कशी पाहिजे ते, चार फोटो उभे एकाखाली एक, किंवा दोन-दोन असे, किंवा सहा. मग प्रती किती. मग पैसे. काही ठिकाणी हा क्रम पुढेमागे असतो पण घाबरायचं काही नाही. माझ्या भाचीला तिच्या आवडत्या गाण्याच्या ग्रुपची फ्रेम पाहिजे होती, त्यात त्या कलाकाराचा फोटो आधीच छापलेला असतो आणि आपण त्याच्या शेजारी उभे असल्यासारखे येतो, या फ्रेम ठरावीक दिवसच असतात म्हणून ती घरून शोधून आली होती. ते तिचं काम आधी झालं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं विमानाचं तिकीट इथेच वसूल.

मग आम्ही तिघी आत. पडदा ओढला आणि खरं तर तिथून पुढे जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय.

आत पांढराशुभ्र उजेड, समोर स्क्रीन, त्यात आपणच दिसतो. कॅमेरा बहुतेक ठिकाणी स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे स्क्रीनकडे बघत राहिलं की सगळ्या फोटोंत नजर खाली येते, भाचीने हे आधीच बजावलं होतं. आठ-दहा सेकंदांचा काउंटडाऊन, खटकन उजेड, लगेच पुढचा काउंटडाऊन. चार फोटो छापायचे असले तरी मशिन त्याहून जास्त काढतं, मग त्यातले आपण निवडायचे. पहिल्या फोटोत आई नेहमीसारखीच उभी, ताठ, ओढणी दोन्ही हातांनी धरलेली. दुसऱ्याला भाची म्हणाली, "आजी, अंगठा आणि पहिलं बोट असं कर, हे बघ, झालं बदाम." आईने केलं पण बोटं उलटी झाली, ती बघायला तिने हात डोळ्यांसमोर धरला आणि तेवढ्यात फ्लॅश. "अगं थांब की जरा!" असं ती मशिनला म्हणाली. मशिन कसलं थांबतंय. मग मी हसले, भाची हसली, आणि आई जी सुटली ती शेवटपर्यंत. अस्वलाचे कान तिने स्वतः मागून घेतले. एका फोटोत तिने भाचीच्या गालाला गाल लावलाय, एकात मला कानाला धरलंय.

मला नंतर विचार करताना लक्षात आलं की समोर माणूस नाही ही फार मोठी गोष्ट आहे. फोटोग्राफर असला की आईसारख्या बाईला वाटतं आपण त्याचा वेळ घेतोय, तो सांगेल तसं नीट उभं राहिलं पाहिजे, रांगेतली माणसं बघतायत. मोबाईल असला तर तो कुणाच्या तरी हातात असतो आणि बहुतेक वेळा आईच्याच, म्हणजे ती फोटोच्या बाहेर. इथे पडद्याच्या आत फक्त आपण, आणि पुढचा फोटो इतक्या लवकर येतो की संकोच करायला वेळच मिळत नाही.

पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती रंगाची. बऱ्याच बूथमध्ये फोटो आपोआप इतके उजळ होतात की आपला गव्हाळ, सावळा रंग पार धुऊन निघतो. पहिल्या पट्टीत आईचा चेहरा पिठासारखा पांढरा आला, कपाळावरची टिकली तेवढी दिसत होती. तिने पट्टी जवळ धरून बघितली आणि म्हणाली, "फोटो छान आलाय, पण ही मी कुठंय?" म्हणून फोटो निवडल्यावर जिथे फिल्टर आणि उजेड कमी-जास्त करायचा पर्याय येतो तिथे जरूर थांबा, उजेड कमी करा किंवा फिल्टर नसलेला पर्याय घ्या, किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट. आमच्या सगळ्या पट्ट्यांमध्ये ब्लॅक अँड व्हाइटवाली सगळ्यात देखणी आहे, आईच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या जशाच्या तशा, भाचीचे दाट केस, सगळं खरं. निवडायच्या स्क्रीनवर पण टायमर असतो, त्यामुळे कुणी एकीने बोट चालवायचं आणि बाकीच्यांनी पटकन मत द्यायचं, तिघींची बोटं एकदम गेली की गोंधळ होतो.

एका दुकानात आमची पट्टी आलीच नाही. प्रिंटरचा आवाज झाला, मग बंद. भिंतीवर फोन नंबर होता पण सगळं कोरियनमध्ये, आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या. शेजारच्या बूथमधून एक मुलगी बाहेर आली, तिने आमचे चेहरे बघूनच ओळखलं, स्वतःच्या मोबाईलवरून त्या नंबरला फोन लावला, मशिनवरचा नंबर वाचून दाखवला, आणि तिकडून कुणीतरी लांबूनच ते मशिन परत चालू केलं. थोड्या वेळाने पट्टी आली. ती मुलगी पट्टी येईपर्यंत थांबली होती. आईने पर्समधून राजगिऱ्याची चिक्की काढून तिच्या हातात ठेवली, तिने दोन्ही हातांनी घेतली, वाकून "कामसाहाम्निदा" म्हणजे धन्यवाद म्हणाली आणि आई पण वाकून तेच म्हणाली.

प्रिंट कसं होतं ते मला बघायला फार आवडलं. यात ओली शाई नसते, उष्णतेने रंग कागदावर चढतात, आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर, म्हणून पट्टी बाहेर येते ती कोरडीच, जरा कोमट लागते हाताला. त्यावर क्यूआर कोड असतो. तो त्याच दिवशी, शक्यतो तिथेच उभं राहून स्कॅन करा, कारण ठरावीक वेळानंतर लिंक बंद होते. आणि फोटोसोबत व्हिडीओ मिळत असेल तर तो सोडूच नका. दोन फोटोंच्या मधलं सगळं त्यात भरभर पळताना दिसतं. आई ओढणी सारखी करतेय, भाची तिची बोटं धरून बदाम करून देतेय, मी मागे पोट धरून हसतेय, हे कुठल्याच फोटोत नाहीये, फक्त व्हिडीओत आहे. माझ्या बहिणीला मी तो लगेच पाठवला तर तिचा फोनच आला, म्हणाली आईला असं हसताना कॅमेऱ्यात पहिल्यांदा बघतेय.

राजवाड्याच्या दिवशी आम्ही हानबोक, म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख, भाड्याने घेतले होते, हानबोक घातला की ग्योंगबोकगुंगला तिकीट लागत नाही, फक्त मंगळवारी राजवाडा बंद असतो ते लक्षात ठेवा. तिथून तसंच अंगुक स्टेशनकडच्या बूथमध्ये गेलो. हानबोकचा घेर एवढा मोठा की तिघी मावेनात, मग आई मधल्या स्टुलावर बसली आणि आम्ही दोघी मागे. मंगळसूत्र तिने वर काढून ठेवलं, म्हणाली दिसू दे. या वेळी बोटांचा बदाम तिने न सांगता बरोबर केला. काही दुकानांत वरून खाली बघणारा कॅमेरा असतो, लिफ्ट, मेट्रोचा डबा, लाँड्रीचं दुकान अशा सजवलेल्या खोल्या असतात, ते पण केलं, वरच्या कॅमेऱ्याला मान वर करायला लागते म्हणून आईची मान दुखली, वयस्कर माणसं बरोबर असतील तर साधं बूथच बरं.

हेअरबँड वगैरे जागेवर परत ठेवायचे, मागे रांग असेल तर आत निवडत बसायचं नाही, आणि भिंतीवर लोकांनी आपापल्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्या काढायच्या नाहीत, आपली एक लावायची. आमची एक होंगदेच्या भिंतीवर आहे, आईने खाली देवनागरीत आमच्या गावाचं नाव लिहिलं.

पट्ट्या दुमडतात पटकन, म्हणून जाड वही बरोबर ठेवा किंवा तिथल्या डायसो, आर्टबॉक्स अशा दुकानांत या मापाचे छोटे अल्बम मिळतात ते घ्या. आणि प्रती बऱ्याच ठिकाणी जोडीने निघतात, दोन, चार अशा. तिघीजणी असाल तर सरळ चार घ्या, आम्ही पहिल्या वेळी दोनच घेतल्या आणि त्या दोन्ही आजी-नातीने आपापल्या पर्समध्ये टाकल्या. पुढे सगळीकडे चार घेतल्या, चौथी बहिणीला.