तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरचा माणूस कडे कशाला चढतो?

"सोलापूरच्या माणसाला डोंगराचं वेड कुठून लागलं?" लग्नकार्यात, एसटीत, कुठेही गेलो तरी हा प्रश्न येतो. बरोबरच आहे. आमच्याकडे नजर जाईल तिथवर सपाट रान. किल्लासुद्धा भुईकोट.

उत्तर आमच्या शेतातल्या विहिरीत आहे. मी शाळेत असताना वडिलांनी ती खणायला घेतली. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक आणि त्याखाली काळा पाषाण. सुरुंगाने फुटलेल्या दगडांत पांढरे चकचकीत खडे असायचे. वडील पाण्याची वाट बघायचे, मी त्या खड्यांची.

पुढे कितीतरी वर्षांनी मदनगडावर गेलो. अलंग, मदन, कुलंग हे इगतपुरी तालुक्यातलं त्रिकूट. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याण, तिथून इगतपुरी, मग जीपने आंबेवाडी. पुढे जंगल आणि खिंडीपर्यंत दमवणारी चढण. खिंडीतून मदनच्या कातळकोरीव पायऱ्या लागतात, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आणि त्या मध्येच तुटतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी वाट सुरुंगाने उडवली. तिथून साधारण पन्नास फूट उभी भिंत. कितीही सराव असो, तिथे दोराशिवाय जाऊ नका.

निम्म्यावर माझा उजवा पाय लटपटायला लागला. वरून दोर सांभाळणारा मित्र ओरडला, "टाच खाली घे!" घेतली. थरथर थांबली. डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर कातळ होता, त्यात तांदळाएवढं भोक आणि आत पांढरे खडे. आमच्या विहिरीतलेच!

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांतलाच हा दगड. अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्याने पुढे स्फटिक धरले. सह्याद्रीत त्याचे कडे उभे राहिले, आमच्याकडे त्याचीच काळी माती झाली. आमची ज्वारी त्याच दगडावर पिकते. त्या दिवसापासून मला डोंगर परका वाटला नाही.

माथ्यावर कळसूबाईकडे तोंड करून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. घरी आल्यावर वडिलांनी एकच विचारलं, "वर पाणी आहे का?"

म्हटलं, कातळात खोदलेली टाकी आहेत, भरलेली.

"पाणी धरतंय? मग दगडाला चिरा नाहीत," ते म्हणाले. "चांगला दगड आहे. जा परत."