शॉकअपच्या आधी टायरची हवा बघा

ठाण्यात सायकल घ्यायला निघालेल्या माणसाचा दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला: "शॉकअप आहे ना?" विचारणारच. घोडबंदरचा सर्व्हिस रोड, मेट्रोच्या कामाने उखडलेल्या कडा, मधेच डोकं वर काढणारे पेव्हर ब्लॉक आणि जुलैत पाण्याखाली दडलेले खड्डे. पण शॉकअप या एका शब्दावर दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि घोळ तिथेच होतो.

पहिली वस्तू म्हणजे स्वस्त सायकलींवरचा स्प्रिंगचा चिमटा (चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, फोर्क). आत पोलादी स्प्रिंग, कधी सोबत रबराचा तुकडा, आणि डॅम्पिंग जवळजवळ नाहीच. दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवरतं ते डॅम्पिंग. ते नसेल तर स्प्रिंग खड्ड्याचा धक्का गिळते आणि लगेच हँडलवर परत करते. अशा चिमट्याचं वजन दोन ते अडीच किलो, साधा पोलादी चिमटा एक-सव्वा किलोत येतो. उपवनहून येऊरचा चढ उभं राहून मारताना तो दर पायडलला खालीवर होतो आणि थोडी ताकद तिथेच जिरते. पुढचा ब्रेक जोरात लावला की नाक खाली जातं, ते वेगळंच.

त्याच्या डोक्यावरच्या गोल कळीबद्दलही गैरसमज आहे. ती पिळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते. वजनदार माणसाने कळ पूर्ण पिळली तरी मोठ्या खड्ड्यात चिमटा तळाला आपटणारच.

दुसरी वस्तू हवेचा चिमटा. स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा, तेलाचं डॅम्पिंग आणि रिबाउंडची, म्हणजे दबलेला चिमटा किती वेगाने परत वर येतो त्याची, वेगळी कळ. हा खरंच काम करतो. चाक जमिनीला धरून राहतं आणि दगडगोट्यांच्या वाटेवर मनगटं वाचतात. पण तो आपल्या वजनाला लावून घ्यावा लागतो, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. वरच्या चकचकीत नळीवर रबरी रिंग असते, नसेल तर केबल टाय बांधा. ती सीलपर्यंत, म्हणजे नळी खालच्या पायात शिरते तिथल्या रबरी कडेपर्यंत, खाली सरकवा, पाठपिशवीसकट अलगद बसा, धक्का न देता उतरा आणि रिंग किती वर गेली ते मोजा. 100 मिमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे जास्तीत जास्त तितकं दबणाऱ्या, चिमट्यात 15 ते 20 मिमी ठीक. जास्त असेल तर शॉकपंपाने, म्हणजे चिमट्यासाठीच्या खास हातपंपाने, हवा वाढवा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने नाही. पंप काढताना होणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. त्याला घाबरून पुन्हा पंप लावला की थोडी हवा नळीत जाते आणि काटा कमी दाखवतो. लोक याच फेऱ्यात अडकतात.

आता मुद्द्याचं. माजिवड्याहून ऑफिसला आणि रविवारी पाम बीच रोडला जाणार असाल, तर तुमचं खरं सस्पेन्शन टायरमध्ये आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात 2 इंची टायरलाही 60-65 पीएसआय ठोकतात, आणि मग शॉकअप असूनही दात वाजतात. 75 किलोच्या माणसाला 27.5 बाय 2.1 च्या टायरमध्ये पुढे 35, मागे 40 पीएसआय पुरते. टायरच्या भिंतीवर किमान आकडा छापलेला असेल, तर त्याखाली मात्र जाऊ नका. हवा फार कमी झाली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेचते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडी दिसली तर काच-खिळा शोधत बसू नका.

स्वस्त शॉकअप काढून साधा चिमटा बसवायचा विचार चांगला आहे, पण लांबी बघून. ॲक्सलपासून क्राउनपर्यंतचं, म्हणजे चाकाच्या दांड्यापासून चिमट्याचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतचं, अंतर मोजा. जुन्याच्या तुलनेत नवा पाच-सहा सेंटिमीटर आखूड निघाला, तर पुढची बाजू खाली येते, हँडल चंचल होतं आणि गतिरोधकावर पायडल घासायला लागतं. ब्रेक डिस्कचा की व्ही (रिमवर दाबणारा), तो बसवायचे खुंट नव्या चिमट्यावर आहेत का, हेही आधी पाहा.

पावसाळ्याने दोन्ही प्रकार मरतात. हवेच्या चिमट्याचे खालचे पाय साधारण दर 50 तासांच्या रायडिंगनंतर उघडून तेल बदलून फोमच्या रिंग साफ कराव्या लागतात. हा खर्च जमत नसेल तर तो घेऊच नये. स्प्रिंगचा चिमटा कुणी उघडतच नाही, आत पाणी शिरतं आणि स्प्रिंग गंजून करकरते. त्यावर डब्ल्यूडी-फोर्टीचा स्प्रे मारला की आवाज दोनच दिवस थांबतो, कारण उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं. धुताना प्रेशरचा फवारा सीलवर धरू नका, ओल्या फडक्याने नळी पुसली तरी भागतं.

जुनी सायकल घेताना पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे हलवा आणि एक बोट सीलपाशी ठेवा. तिथे खटखट जाणवली तर बुश, म्हणजे नळी ज्यातून सरकते त्या आतल्या बांगड्या, गेले. खटखट हँडलखालच्या वरच्या कपापाशी असेल तर नुसता हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. तो मेकॅनिक दहा मिनिटांत आवळून देतो.