आमची वाटचाल : नऊ आठवड्यांचं रोप

आमच्याकडे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी तयार केलेलं कांदळाचं (खारफुटीतलं रायझोफोरा) रोप मिळतं. बाकी काही मिळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण २०२० साली पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली आणि तेव्हापासून ज्याला त्याला घरात चिप्पी हवी असते. चिप्पी काय नि तिवर काय, दोन्ही खारफुटीचीच झाडं, पण वाळूतून खुंट्यांसारखी मुळं वर काढतात. चार फुटी टाकीत ती मावायची कुठे? तिवर तर पानांवाटे मीठही बाहेर टाकतं, पानं पांढरी दिसतात आणि गिऱ्हाईक बुरशी समजून फोन करतं. टाकीला कांदळच.

२०१४ च्या पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीकाठी ५० लिटरच्या पाच पिंपांवर काम सुरू झालं. पहिले भागीदार होडीवाले, खाडी त्यांना तोंडपाठ. शेंग, म्हणजे झाडावरच फळातून फुटलेला लांब अंकुर, कशी ओळखायची ते त्यांचंच: फळ आणि शेंग यांच्या सांध्यावर पिवळं कडं दिसलं की शेंग पिकली, नुसता हात लावला तरी सुटते. ओढावी लागली तर ती कच्ची, रुजत नाही. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही शेंग उचलत नाही. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वन आहेत, हे समुद्रावर सहलीला येऊन पिशवी भरून नेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं.

आणलेली प्रत्येक शेंग उजेडात फिरवून बघायची. टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्यातून आलेला भुसा दिसला की आत किडा आहे, ती बाजूला. वरची तपकिरी टोपी नखानं काढायची नाही. तिच्या आत कोंब असतो, टोपी ढिली झाली की आपणहून गळते. या एका टोपीपायी आम्ही पहिल्या वर्षी निम्मा माल घालवला.

२०१५ ते २०१८ बरी गेली.

२०१९ मध्ये शहरातल्या एका व्यापाऱ्यानं आमच्या निम्म्या भावात रोपं विकायला काढली. फोटोत हिरवीगार, सहा-सहा पानांची, वर ‘खाऱ्या पाण्यासाठी तयार’ अशी चिठ्ठी. आमचं रोप त्याच वयाला दोन पानांचं, तेही जरा रुसल्यासारखं. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. त्याची रोपं पुढे आमच्याकडे आली तेव्हा उलगडा झाला: गोड्या पाण्यावर कुंडीतल्या मातीत वाढवायची, माती धुवायची, मुळं पिशवीत घालायची, झालं. गोड्या पाण्यात कांदळ जोमानं पानं काढतं, त्यात नवल नाही. पण कांदळ मीठ अडवतं ते मुळाशी, आणि गोड्या पाण्यात वाढलेल्या मुळाची ती गाळणी कच्ची असते. शिवाय माती धुताना बारीक मुळं तुटतात आणि तुटल्या जागेतून मीठ सरळ खोडात चढतं. असं रोप १.०२५ च्या (हे विशिष्ट गुरुत्व, गोडं पाणी १.०००, समुद्राचं साधारण १.०२५) पाण्यात टाकलं की आठ-दहा दिवस छान दिसतं, मग पानांच्या कडा तपकिरी होतात, पानं झडतात, शेवटी शेंगेचा तळ मऊ पडतो.

हे सगळं कळण्याआधी आम्हीही तेच करून बसलो. भाव टिकवायला त्या मोसमात ४०० रोपं गोड्या पाण्यात वाढवून दहा दिवसांत खाऱ्यात चढवली. गणपतीत एसटी पार्सलनं माल गेला आणि नवरात्रात तक्रारी आल्या. पैसे परत देता देता दोन पिंपं आणि मोटरसायकल विकली. भागीदार होडीवर परत गेले, त्यांना दोष नाही. व्यापारी अजून विकतोय. त्याचं गिऱ्हाईक वर्षाला बदलतं, म्हणून त्याला चालतं. (३ जून २०२० ला निसर्ग वादळात शेडचं छप्पर गेलं. ते परत घातलं.)

तेव्हापासून आमचं रोप नऊ आठवड्यांखाली बाहेर पडत नाही. १.००८ ला सुरुवात, दर आठवड्याला ०.००२ वर, शेवटी १.०२६. पन्नास लिटरच्या पिंपात दर आठवड्याला एवढं चढवायला टाकीचं मीठ साधारण १५० ग्रॅम लागतं. खायचं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम नाही, कॅल्शियम नाही. हे मीठ दोन लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून सलाईनच्या सेटनं सोडायचं, सेकंदाला एक थेंब. संध्याकाळी लावलं की सकाळपर्यंत बाटली रिकामी होते. औषधाच्या दुकानात मिळणारा हा सेट आमचं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे आणि सगळ्यात कामाचं.

दुसरं यंत्र रिफ्रॅक्टोमीटर, पाण्याची क्षारता मोजायचं. बहुतेक जण ते आरओच्या पाण्यावर शून्याला लावतात आणि निर्धास्त होतात. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर (हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राएवढं) चुकू शकतं. ३५ चं तयार द्रावण मिळतं, त्यावर लावावं, आणि काच दर वेळी गोड्या पाण्यानं पुसावी. खारी हवा तिच्यावर पापुद्रा धरते.

पडत्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं, रत्नागिरीचे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या २०० लिटरच्या टाकीत आमची चार झाडं आहेत. मेलेल्या ४०० मधली दोन त्यांचीच होती, तरी त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, वहीतली पानं फोटो काढून पाठवली: तारीख, क्षारता, पानांची संख्या. पुढे त्यांच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागला. आम्ही लोह घालायला सांगितलं, फरक नाही. मास्तरांनीच मॅग्नेशियम मोजलं तर १,१०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली निघालं, पाहिजे १,३०० च्या आसपास. जुनं पान पिवळं तर मॅग्नेशियम, नवं पान पिवळं तर लोह, हे आम्ही आता बिलाच्या मागे छापतो.

विचारलं नाहीत तरी सांगतो, नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठतं ते) उतरवायला कांदळ घेऊ नका. ते फार सावकाश वाढतं, त्या कामाला सम्पमधलं (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतलं) केटो शेवाळ कितीतरी पुढे आहे. कांदळ घ्यायचं ते कांदळासाठी. शेंगेचा खालचा तिसरा भाग पाण्यात, वरचा बाहेर, स्पंजच्या पट्टीत सैल धरलेला. मुळं पंपाच्या तोंडापासून लांब ठेवा, ती आत शिरतात. एलईडी पानांपासून वीतभर वर, दिवसाला दहा-बारा तास. पानांवर आरओच्या पाण्याचा फवारा रोज. झाड पाणी ओढतं, मीठ मागे राहतं, म्हणून टाकीतली तूट आरओनंच भरायची, खाऱ्या पाण्यानं नाही. उंची आवरायची तर शेंडा खुडा, तोही पानांच्या चार जोड्या झाल्यावर. मुळांना कात्री लावायची नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसानं पुसा. टाकीवर कीटकनाशक मारलंत की कोळंबी गेलीच.

यंदाच्या शेंगांची रोपं दिवाळीनंतर निघतील. दुसरीकडून घेतलेलं, पानं झडलेलं रोपही आम्ही बघतो: १.०१२ ला उतरवून तिथून परत चढवतो, काही वाचतात. पाठवण्याआधी शेंगेचा तळ अंगठ्यानं दाबून बघा. कडक असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवा. मऊ लागला तर पार्सलचे पैसे घालवू नका.